बावीस मानकरी आणि एक रजिस्टर

राधाकृष्णला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चहाला निघाला होता. केबिनचं दार सताड उघडं, आणि टेबलावर सगळ्या कारखान्याचे पासवर्ड लिहिलेली वही तशीच उघडी. मी तिथल्या तिथं झापलं. तो माझ्या ओळखपत्रावरचं नाव वाचून शांतपणे म्हणाला, "कोन नेतंय, भागवतभाऊ? आमच्याकडं न्हाई लावत दार." गडी शनिशिंगणापूरचा. घराला चौकट आहे, फळी नाही. कुत्रं शिरू नये म्हणून त्याची आई रतनबाई पत्र्याचा तुकडा आडवा लावते, तेवढीच काय ती सिक्युरिटी. अशा माणसाला आमच्या कंपनीनं कॉम्प्युटरची राखण दिली. कंपनीच्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

मी पाथर्डीचा, क्वालिटी खात्यात आहे आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. सुप्याच्या एमआयडीसीत आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. राधाकृष्ण तिथं अकरा वर्षं ठेकेदारामार्फत. गळ्यातल्या ओळखपत्राचा पट्टा पिवळा. कायम माणसांचा पट्टा निळा, माझाही. पिवळ्यांची कँटीनमध्ये रांग वेगळी, बसमध्ये सीट मागची, आणि दर अकरा महिन्यांनी आठ दिवस घरी बसायचं, परत नवीन म्हणून कामावर यायचं. त्याचा लेक त्याला विचारायचा, "पप्पा, तुमी दरसाली नापास होता का?" हे तो हसून सांगायचा. हसणं खोटं असायचं. त्याला निळा पट्टा हवा होता, दुसरं काही नको होतं.

आणि तो मिळायची वेळ आली. परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं, कारखान्यात मायक्रो-सेगमेंटेशनचं सॉफ्टवेअर बसवा, नाहीतर माल घेणार नाही. प्लांटचे मुख्य गोरक्षनाथ साहेब. त्यांची जीभ त्या शब्दावर तीनदा घसरली, मग त्यांनी राधाकृष्णला बोलावलं. "हे तेवढं बसव. ऑडिट पास झालं की तुझं कायमचं पत्र काढतो."

गडी पेटला. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, आणि चहाच्या टपरीवर आम्हाला समजावायला लागला. "आत्तापस्तोर आपली दोनशे दहा मशिनं एकाच आंगनात झोपत हुती. एकाला व्हायरस चावला की समद्यांना चावनार. आता परत्येकाला खोली, परत्येक खोलीला दार. कोन कुनाशी बोलनार ते आधी लिहून द्यायचं. चोर आला तरी एका खोलीत अडकून पडतोय."

"आणि लिहून द्यायचं कुणी?" मी विचारलं.

"आपुन. तीच गोम हाय," तो म्हणाला. "एक नाव विसरलं की ते मशीन मुकं."

विसरलाच. पहिल्याच दिवशी वजनकाटा मुका झाला. काट्याचा कॉम्प्युटर गेटच्या कॉम्प्युटरशी बोलतो हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि ट्रकांची रांग हायवेला भिडली. सगळ्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही केला. पण महिनाभरात त्यानं एकेक धागा शोधून बसवला. दार नसलेल्या घरातला माणूस दारं लावण्यात असा पटाईत निघेल असं वाटलं नव्हतं.

मग साहेबांचा अपमान झाला. त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून भट्टीचा रिपोर्ट उघडायला घेतला आणि पडद्यावर आलं, परवानगी नाही. "माझ्या प्लांटात मलाच परवानगी नाही?" साहेब खुर्चीतून उठले. खरं तर साहेबांना फक्त तो रिपोर्ट दिसेल असा एक नियम लिहिता आला असता. त्याला वेळ लागतो, तपासावं लागतं. साहेबांना वेळ कुठला? राधाकृष्णनं एक गट केला. त्या गटातल्याला सगळी दारं उघडी. गटाला त्यानं नाव दिलं 'मानकरी'. जत्रेत काठी कुणाची पुढं, नारळ आधी कुणाला, यावरून आपल्याकडं डोकी फुटतात. कारखान्यात वेगळं काय होणार?

बातमी पसरली. अकाउंटवाले आले, स्टोअरवाले आले, खरेदीवाले आले. कामाला गरज कुणालाच नव्हती, पण अमक्याला दार उघडं आणि मला बंद, म्हणजे माझी काय किंमत? सातवा मानकरी मी. होय, मीही गेलो होतो, तावातावानं. त्यानं फक्त एक रजिस्टर पुढं केलं. सूट कुणाला दिली त्याची लेखी नोंद ऑडिटला लागते. नाव, तारीख, कारण. बहुतेकांच्या कारणाच्या रकान्यात होतं, 'साहेब म्हणाले.' मी तो रकाना कोराच सोडला.

दोघीच वेगळ्या. एक भट्टीवरची राजेश्वरी. तिनं त्याला सुनावलं, "माझी भट्टी नऊशे डिग्रीवर असती. तुझ्या एकाबी मानकऱ्यानं तिच्यात बोट घालायचं न्हाई. साहेब असला तरी न्हाई." साहेबांना तिनं रिपोर्ट कागदावर पाठवला आणि विषय मिटवला. भट्टीची अकरा मशिनं मानकऱ्यांना बंदच राहिली.

दुसरी एचआरची आरती मॅडम. तिला राधाकृष्णनंच दोन महिने दाद दिली नाही. "रोज शंभर अनोळखी मानसांचे अर्ज उघडनारं खातं ते," मला म्हणायचा. "दार लावायचं तर तिथंच."

ऑडिट पास झालं. दुसऱ्या दिवशी आरती मॅडमचा फोन आला. "तुमचं कायमचं पत्र तयार आहे. साहेबांच्या फोल्डरला जात नाहीये, तुमचंच सॉफ्टवेअर अडवतंय. हेड ऑफिसची मुदत उद्यापर्यंत आहे हं."

अकरा वर्षं. एका फोल्डरपुरता नियम लिहायला दोन तास लागले असते. मानकरी करायला एक क्लिक. त्यानं क्लिक केलं, आणि रजिस्टरमध्ये बाविसावी नोंद घातली.

पत्र साहेबांच्या फोल्डरात पोचलं. साहेब पुण्याला गेले होते, सही उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आरती मॅडमनी एका वेल्डरचा अर्ज उघडला. आत वेल्डर नव्हता. पंधरा मिनिटांत व्हायरस मानकऱ्यांच्या थाटात सगळा कारखाना फिरला. अकाउंट, स्टोअर, माझं क्वालिटी, जिथं गेला तिथं दार उघडं, आणि तिथल्या सगळ्या फायलींना त्यानं स्वतःचं कुलूप ठोकलं. बॅकअपही गेला, कारण मानकऱ्यांना तोही उघडाच होता. सहीला थांबलेलं पत्रही कुलपात गेलं. कारखाना चार दिवस बंद. चालू राहिली एकटी भट्टी.

चौकशीची माणसं पुण्याहून येणार होती. त्याआधी मी राधाकृष्णकडं गेलो. "ते शेवटचं पान फाड," मी म्हणालो. खरं सांगायचं तर सातव्या नोंदीचं पानही फाटावं असं मला वाटत होतं.

"फाडून ठिवू कुठं?" तो म्हणाला. "माझ्या घराला दार हाय का?"

चौकशीवाल्यांनी रजिस्टर वाचलं. बावीस नोंदी. एकवीस ठिकाणी 'साहेब म्हणाले' नाहीतर कोरं. साहेब म्हणाले, मी असं कधी म्हणालो नाही, आणि कोऱ्या रकान्याला कोण काय विचारणार? बाविसाव्या ठिकाणी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'माझं कायमचं पत्र साहेबांकडं जाण्यासाठी.' खाली सही. अख्ख्या कारखान्यात दोषी तेवढा एक माणूस सापडला, कारण खरं कारण लिहिणारा तेवढा एकच होता.

अहवालात आलं, सॉफ्टवेअर उत्तम, पुरावा भट्टी, माणूस बेजबाबदार. भट्टी वाचवल्याबद्दल गोरक्षनाथ साहेबांना पुण्यात ढाल मिळाली. राजेश्वरीला पेढा मिळाला, तोही अर्धा. राधाकृष्णचं कायम होणं रद्द झालं. काढलं मात्र नाही, कारण ती दोनशे दहा दारं दुसऱ्या कुणाला कळत नाहीत. मला काही झालं नाही. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटते म्हणूनच मी त्याला जास्त झापतो.

गेल्या सोमवारी मी त्याच्या केबिनमध्ये होतो. दार नेहमीसारखं उघडं. साहेब आले, हळू आवाजात म्हणाले, "ती मानकऱ्यांची भानगड आता नको. फक्त माझ्यापुरतं उघडून दे."

राधाकृष्णनं तेच रजिस्टर पुढं सरकवलं. त्यावर पेन ठेवलं. "देतो की साहेब. कारन तेवढं लिवा. तुमच्या हातानं. अन् सही."

साहेबांनी पेन उचललं. रकान्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पेन ठेवून निघून गेले.

त्या दिवसापासून तेविसावी नोंद झालेली नाही. परवा कँटीनमध्ये मी ताट घेऊन पिवळ्या रांगेत त्याच्या मागं उभा राहिलो. तो म्हणाला, "भागवतभाऊ, तुमची रांग तिकडं हाय." मी म्हणालो, "गप उभा रहा, मला हितनंच जेवायचंय." त्यानं कारण विचारलं नाही.