आईने ओढलेली घसरगाडी

लिहिण्याचा मला सराव नाही आणि अधिकार तर नाहीच. या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काल ग्योतोकुतल्या एका दुकानाबाहेर बर्फावरून ओढायच्या प्लास्टिकच्या लाल घसरगाड्या टांगलेल्या दिसल्या आणि मन सेंदाई या दुसऱ्या जपानी शहरातल्या एका सकाळी जाऊन पोहोचले.

माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून आली होती. पोटातले बाळ रात्रीपासून हलले नव्हते. नवरा कामानिमित्त कावासाकीला होता आणि बर्फामुळे टॅक्सी मिळेना. अखेर शेजारच्या जपानी आजींनी नातवंडांची घसरगाडी काढून दिली. आईने मला तिच्यात बसवले, जावयाचे बूट चढवले, साडी वर खोचली आणि दोरी खांद्यावर घेतली. बर्फावर गाडी खसखसत सरकू लागली. आईच्या शालीला भाजलेल्या बाळंतशेपांचा वास येत होता.

"तुला ओढवतंय का गं?" मी विचारले.

"नऊ महिने वाहिलंय तुला. गप्प बस आणि नीट धर."

मी चक्क हसले.

इस्पितळात डॉक्टरांनी पोटावरून यंत्र बराच वेळ फिरवले आणि मान खाली घातली.

आता आईही नाही. घरी सारखे "हललं का?" विचारणाऱ्या तिने वाटेत ते एकदाही विचारले नाही, मागे वळूनही पाहिले नाही. निघण्यापूर्वीच तिला सारे कळून चुकले होते, असे तुम्हाला वाटते का?