चारुशीलाबाईंचं रडणं

चारुशीला देवपुजारी यांना बेचाळीस वर्षांत सदतीस भूमिका मिळाल्या आणि त्यांतल्या एकोणतीस भूमिकांत त्या रडल्या. सुरुवात हौशी नाटकांतून झाली. मग मालिका आल्या, नंतर नागपूरकडे चित्रीकरणाला येणारे चित्रपट. नायिका त्या कधीच झाल्या नाहीत. कुणाची विधवा, कुणाची आई, कोर्टात कोसळणारी साक्षीदार. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसे, पण इतवारीत भांडी घ्यायला गेल्या की दुकानदार विचारी, "बाई, त्या रडणाऱ्या तुम्हीच ना?"

ते रडणं त्यांनी स्वतः घडवलं होतं. आधी आवाज नाही. पदराचं टोक दातांत, मान डावीकडे, श्वास रोखलेला. मग एकदम पोटातून हुंदका. नवरा दत्तोपंत हयात होते तेव्हा घड्याळ हातात धरून बसत आणि म्हणत, "दोन सेकंद लवकर आला, चारू."

दोन वर्षांपूर्वी, चौदा फेब्रुवारीला, त्यांचा एकुलता मुलगा गौरांग बुटीबोरीच्या कारखान्यातून घरी येताना ट्रकखाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याला घरी आणलं. अंगणात बायका बसल्या होत्या. चारुशीलाबाई दारात आल्या आणि पदराचं टोक दातांत गेलं, मान डावीकडे वळली. त्यांच्या शरीराला दुसरं काही येतच नव्हतं. भिंतीशी बसलेली एक नातलग शेजारणीला हळूच म्हणाली, "पाह्य वं, सीरियलमधल्यावानीच."

सून अश्लेषाने ते ऐकलं. तेरावा झाल्यावर ती सात वर्षांच्या अबोलीला घेऊन उमरेडला माहेरी निघाली. जाताना एवढंच बोलली, "माझा नवरा गेला, आई. अन् तुम्ही तिथंही अ‍ॅक्टिंग करून राहिल्या होत्या."

ते रडणं खरं होतं हे पटवायचं, तर पुन्हा रडूनच दाखवावं लागलं असतं. नातीशी महिन्यातून एक फोन, तोही अश्लेषाच्या मनात असेल तर.

गेल्या नोव्हेंबरात उमरेडच्या कोळसा खाणीजवळ एका चित्रपटाचं काम निघालं. खाणीत मेलेल्या मजुराची आई. एवढी मोठी भूमिका त्यांना कधी मिळाली नव्हती, पण त्यांनी होकार दिला तो अबोलीसाठी. तिला तासभर भेटू देशील का, असं त्यांनी विचारलं. अश्लेषा म्हणाली, "पाहू."

चित्रीकरणाच्या दिवशी मेलेला मुलगा म्हणून चादरीखाली एक नट उताणा पडला होता. दिग्दर्शक सुमंत म्हणाला, "काकू, तुमचं नेहमीचं द्या." चारुशीलाबाई जाऊन बसल्या. चादरीबाहेर त्याचे पाय दिसत होते. त्या पायांकडे पाहत राहिल्या. तीन टेक झाले.

"काकू, काहीच येऊन नाही राहिलं."

"ते मी आता करत नाही."

"काहून? त्याच्याचसाठी तर तुम्हाले बोलावलं."

"ते मी माझ्या गौरांगसाठी रडले आहे, सुमंत."

सुमंत वाईट माणूस नव्हता. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला की ऊन अर्ध्या तासात जाईल. गर्दीत उभं राहायला आलेल्या गोपिकाला बाईंनी बदलून ठेवलेलं लुगडं नेसवलं गेलं. तिने येऊन विचारलं, "मावशी, पदर आधी की हुंदका आधी? म्या टीव्हीवर पाह्यलं तुमचं, पण ध्यानात नाही."

"पदर," चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि बसस्टँडकडे चालू लागल्या.

तिथून त्यांनी सुनेला फोन लावला. "अश्लेषा, मी ते काम सोडलं. ते रडणं मला आता कॅमेऱ्यापुढे करवत नाही."

"काहून सोडलं? तुम्हाले तर येते ना ते, आई."

"अबोली आहे का गं?"

"ट्यूशनले गेली."

पण मागून अबोलीचाच आवाज आला, "आई, कोणाचा फोन?"

अश्लेषा म्हणाली, "कोणाचा नाही." फोन बंद झाला. नागपूरची बस लागली होती. फोन हातातच धरून चारुशीलाबाईंनी ती जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. तिसरी आली तेव्हा उठून तिच्यात चढल्या.