बावीस माणसांचं चूलबंद

पेणकरपाड्यात कुणाकडे लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी सावित्रीला निरोप जातो. पत्रिका काय हो, हल्ली फोनवरही येते. पण सावित्री दारात उभी राहून, कपाळाला कुंकू लावून "या बरं का" म्हणाली की मगच ते आमंत्रण. बाईचं वय पंचावन्न आणि आवाज असा, की चौथ्या माळ्यावरच्या माणसाला ती खालूनच लग्न सांगते. लहानपणी बापाबरोबर मिठागरावर तिनं मिठाच्या पाट्या वाहिल्या, सासरी आल्यावर भातशेती केली. शेतावर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यात अळू लावला आणि शेजारच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या गुजराती बायकांना पात्र्यासाठी, म्हणजे त्यांच्या अळूवड्यांसाठी, त्याची पानं विकायला लागली. रिकामं बसणं तिला माहीतच नाही. नवरा रघू म्हणतो, ही झोपेतसुद्धा कामाला जाते.

तर आमंत्रण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं आणि दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. हे सांगायला जिगर लागते. एकदा तोंडातून गेलं आणि त्या घरातलं एक माणूस जरी उपाशी राहिलं, तर नाक कापलं जातं ते लग्नघराचं.

गेल्या वैशाखात सावित्रीच्या स्वतःच्या मुलीचं, कृतिकाचं लग्न ठरलं. थोरला सुयोग सहा वर्षं फौजेत आहे. कुठं आहे ते तो सांगत नाही. वर, बर्फात, एवढंच. दर दोन महिन्यांनी सावित्री त्याला पार्सल धाडते. त्यात जवळ्याची सुकी चटणी, बेसनाचे लाडू, लोकरीचे मोजे, आणि एकदा तर चक्क सोललेला नारळ. सुयोगच्या पत्त्यात नंबर, नाव, युनिट आणि फौजेच्या टपालाचा आकडा, बस्स. याचा तिला फार राग. "पत्त्यात गावच न्हाय," ती म्हणते, "हा काय पत्ता झाला?"

लग्नाला सुयोगला सुट्टी मिळाली नाही. सावित्रीनं दोन दिवस राग अळूच्या वाफ्यांवर काढला, आणि तिसऱ्या दिवशी ती त्याचं पार्सल भरायला बसली. पलीकडे कृतिका पत्रिकांवर नावं घालत होती. तिनं विचारलं, "आई, दादाच्या पत्रिकेवर काय लिहू?" सावित्री लाडू वळत होती. मान वर न करता म्हणाली, "पाड्यात सगळ्यांना लिवलंस तेच. पोरगा राहतो ते घरच ना?" कृतिकानं लिहिलं: सुयोग आणि घरातील सर्व मंडळी, चूलबंद.

लग्नाला पंचवीस दिवस उरले असताना सुयोगचा फोन आला. हसून हसून त्याला बोलता येईना. "आई, अगं काय लिहून पाठवलंस? सुभेदारसाहेबांनी चूलबंद म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं. साहेब म्हणतात, माताजीला सांग, आमची चूल एकच आहे आणि माणसं बावीस!"

फोन ठेवल्यावर सावित्री बोटांवर बावीस मोजायला लागली. रघूनं समजूत घातली, "अगं, मस्करी केली साहेबांनी."

"मस्करी त्यांची असंल," सावित्री म्हणाली. "शब्द माझा हाय. ती माणसं येऊ शकत न्हाईत तर जेवण तिकडं जाईल."

झालं. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या सात-आठ बायका सावित्रीच्या ओटीवर. जवळा निवडला, भाजला, मिरची-लसणात कुटला. लाडू झाले, चकल्या झाल्या, करंज्या झाल्या. पण नुसत्या फराळाला जेवण कोण म्हणेल? तांदळाची भाकरी पाठवावी तर चार दिवसांत तिचा पत्रा होतो. त्यात सुयोगनं कळवलं होतं की बावीसपैकी सात जण शाकाहारी आहेत. सावित्रीचं डोकं चालेना. ती अळूची पानं घेऊन बेव्हर्ली पार्कात गेली आणि रुचिताबेनसमोर तिनं सगळं गाऱ्हाणं मांडलं. रुचिताबेन घरी खाखरा, म्हणजे कडक भाजलेली पातळ पोळी, करून विकते, त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

"अरे सावित्रीबेन, खाखरा आहे ना!" ती म्हणाली. "दोन महिना काही होत नाय. मेथीचा करते, जिऱ्याचा करते. पण एक बात सांगते, तुमच्या मच्छीच्या डब्यात माझा खाखरा जाणार नाय हां."

"न्हाय जाणार. दोन खोकी करते."

"तर मग मी पण लग्नघरचीच," असं म्हणून रुचिताबेननं कणीक मळायला घेतली.

लग्नाला सोळा दिवस असताना सावित्री आणि रघू दोन खोकी रिक्षात घालून टपाल कचेरीत पोचले. खिडकीतल्या माणसानं आत काय आहे विचारलं.

"लग्नाचं जेवण," सावित्री म्हणाली.

त्यानं चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं, मग पत्त्याकडे पाहिलं, आणि स्वतः उठून खोकी आत घेतली. किती दिवसांत पोचतील असं तिनं तीनदा विचारलं. "मावशी, पुढचं फौज बघते," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर सुयोगचा फोन नाही. वर बहुतेक रेंज गेली असावी. हळद झाली, लग्नाचा दिवस उजाडला, अक्षता पडल्या, पंगतीवर पंगती उठल्या. सगळा पाडा जेवून सुपारी चघळत बसला तरी सावित्रीनं पानाला हात लावला नाही.

"जेवून घे, तीन वाजले," रघू म्हणाला.

"एक घर जेवलं का न्हाय ते ठाऊक न्हाय. त्याच्या आधी मी कशी जेवू?"

तिला मनातून भीती वाटत होती. सगळ्या पाड्यात तोऱ्यानं सांगून बसली होती आणि ती बावीस माणसं आज नेहमीची डाळ-रोटी खात असतील तर? लोकांचं सोडा, सुयोगला आपल्या आईमुळं मान खाली घालावी लागली असेल. हे तिला सहन होईना.

चारच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. सुभेदारसाहेब.

"जय हिंद माताजी. आपके बक्से परसों पहुँच गए. आज हमारे लंगर में, यानी रसोई में, चूल्हा नहीं जला."

सावित्रीनं विचारलं, "सब लोग खाया, साब?"

"इक्कीस ने खाया."

"एक कोन राहिला?" तिचं हिंदी तिथंच संपलं.

"सुयोग. सुबह से सबको परोस रहा था. मैंने बोला, बैठ जा. बोला, साहब, शादी मेरे घर की है, घर का आदमी सबसे बाद में बैठता है. फिर एक साथी की ड्यूटी भी अपने ऊपर ले ली, ताकि वो आराम से खा ले. छह बजे चौकी से नीचे उतरेगा, उसका हिस्सा रखा है." "ये हमने नहीं सिखाया, माताजी. ये घर से लेके आया है."

चौथ्या माळ्यापर्यंत आवाज पोचवणाऱ्या या बाईनं फोन रघूच्या हातात दिला आणि ती पदरानं तोंड पुसत राहिली. फोन ठेवून रघू पान घेऊन आला तेव्हा म्हणाली, "आता नको. सहाला वाढ."

साडेपाचला कृतिकाची पाठवणी झाली. सावित्री पोरीच्या गळ्यात पडून रडली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली. मांडवात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. रघूनं तिच्यासाठी पान वाढलं, वरण-भात, लाडू, आणि स्वतः समोर बसला.

सावित्रीनं घड्याळ पाहिलं. सहाला पाच मिनिटं होती. ती हात धुऊन पानावर बसली आणि तशीच थांबली. पाच मिनिटं झाल्यावर म्हणाली, "आता बसला असंल तो," आणि पहिला घास घेतला.