साठ मीटरवरचा उलटा दांडा

मनोऱ्यावर चढावं तर थोर्किलनं! डेन्मार्कातल्या जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मनोऱ्यातून समुद्राच्या बाजूला आडव्या काढलेल्या दांड्यांवर, खालपासून वरपर्यंत, वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. त्यांची निगा त्याच्याकडे. आणि कुठल्या उंचीवर वारा किती असेल, हे खाली बसून गणितानं सांगणार आस्ता. दोन्ही आकडे जुळले, तरच तिचं गणित पुढच्या कामाला धरायचं.

जुळलेही. साठ मीटरवर मात्र समुद्राकडून वारा आला, की मोजलेला आकडा बराच कमी.

"आस्ता, तुझा वारा खुर्चीत बसूनच वाहतो काय गं?" थोर्किल सगळ्यांदेखत म्हणाला. "एकदा वर चल. टोपी उडाली की गणित सुधारेल!"

"तुझ्या वाट्या बघितल्यास का?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्या वाट्या? अगं, तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हापासून चढतोय मी!"

ऑफिसातली मंडळी खो खो हसली.

तिथली रीत अशी, की ज्याची चूक त्यानं साऱ्यांना केक खिलवायचा. बिचारीनं खोबऱ्याचा केक आणला, मान खाली घालून कापला. थोर्किलनं दोन तुकडे हाणले, वर ताटलीतला चुराही बोटानं टिपला. आस्ताचं गणित बाद करायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात तो साफसफाईला वर चढला. साठ मीटरवर पोचला आणि बघतो तर काय! तिथला दांडा जमिनीच्या बाजूला होता! वसंतात समुद्राकडचा बोल्ट मिठानं जाम झाला, तेव्हा 'तूर्त इकडे लावू, जेवून आलो की हलवू' म्हणत त्यानंच दांडा तिथं लावलेला. जेवण झालं, गप्पा झाल्या, दांडा राहिला तिथंच. समुद्राचा वारा मनोऱ्याला अडून, अर्धमेला होऊन वाटीपर्यंत येत होता.

गुपचूप फिरवला तर कुणाला कळणार? त्यानं पाना बोल्टला लावलाही. पण पोरीची ती खाली घातलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. त्यावर बोललेलं साऱ्या ऑफिसला ऐकू जायचं.

"आस्ता, चूक माझी होती."

"काय? वाऱ्यात कळत नाही!"

"दांडा मी उलटा लावलाय!"

"मोठ्यानं बोल!"

"तुझं गणित बरोबर आहे!" तो गरजला. "गाढव मी आहे, मी!"



"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आम्ही सगळे बघायला येतोय."

खाली ऑफिसचं दार उघडलं. एकेक जण कपाळावर हात धरून वर बघू लागला. थोर्किल मनोऱ्याला बिलगून उभा राहिला. उतरायचं नावच घेईना.