कडी लावलेलं दार

गेल्या आठवड्यात चंडीगडजवळच्या खरड गावी मैत्रिणीच्या घरी गॅस गीझरचा वास आला आणि मी धावत जाऊन तिच्या बाथरूमची खिडकी उघडली.

बारा वर्षांपूर्वी आम्ही चंडीगडला, सेक्टर एकोणचाळीसमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. नऊ वर्षांची ईरा आणि सहा वर्षांचा नील सतत भांडत, म्हणून साताऱ्याहून माझी बहीण गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायची. दोघांनी एकत्र ऐकायच्या, एवढीच अट. त्या सकाळी मोबाइल कुणी धरायचा यावरूनच जुंपली. ईराने ढकललं तसा नील रडत बाथरूममध्ये शिरला आणि त्याने कडी लावली. आत गॅस गीझर चालू होता आणि थंडीमुळे खिडकी बंद होती; अशा कोंडलेल्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो.

"नील, कडी काढ आधी," मी दार बडवत ओरडत राहिले. आतले हुंदके हळूहळू थांबले.

ईराने खाली बसून मोबाइल दाराच्या फटीशी धरला. मावशीच्या गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडला आणि ईराने तिथेच गोष्ट थांबवली. "नील, पुढचं मी तुझ्याशिवाय नाही ऐकणार."

बऱ्याच वेळाने आतून बारीक आवाज आला, "दीदी, पहले मम्मा को हटाओ."

मी मागे सरले. कडी निघाली. पांढराफटक पडलेला नील बाहेर येऊन ईराला बिलगला.

ईराच्या हुशारीचं कौतुक म्हणून हा प्रसंग मी सगळ्यांना सांगत आले. आता कळतं, तो मला घाबरून कडी काढत नव्हता, आणि मी क्षणोक्षणी आवाज चढवत होते.