आभाराचं वाक्य

कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी सुटली, त्यानंतर मी घरी बसून एका कंपनीसाठी संशोधकांचे इंग्रजी पेपर दुरुस्त करू लागले. इंदिरानगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि हे गेल्यापासून त्यात मी एकटीच. कंपनी फाइल पाठवताना लेखकाचं नाव काढून टाकते. त्याला काही विचारायचं असेल, तर तेही कंपनीमार्फतच. त्यामुळे दिवसभर मी लोकांच्या वाक्यांत असायचे, पण बोलणं कुणाशीच व्हायचं नाही.

एकदा मातीतल्या जिवाणूंवरचा एक पेपर आला. इंग्रजी मोडकं होतं, पण त्या वाक्यांच्या खाली मला मराठी ऐकू येत होतं. शेवटी आभार होते. लिहिलं होतं की प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला तेव्हा आईने घरच्या फ्रिजमधलं दूध बाहेर काढलं आणि तिथे लेकीची प्रयोगाची माती ठेवली. पुढे चारच शब्द. शी इज नो मोअर.

मी ते सगळं खोडलं आणि सवयीने लिहिलं, ‘दिवंगत आईच्या सहकार्याबद्दल लेखिका ऋणी आहे.’ निर्दोष इंग्रजी. फाइल पाठवून दिली.

तीन दिवसांनी फाइल परत आली. बाकीच्या दुरुस्त्या तिला मान्य होत्या. आभारांपाशी मात्र तिने लिहिलं होतं, ‘इंग्रजी छान झालं. पण माझी आई यात दिसत नाही. दूध परत द्याल का?’

मी तिची मूळ फाइल उघडली. मग तिची वाक्यं जशीच्या तशी परत घातली. फक्त एक स्वल्पविराम बदलला.

कंपनीतून फोन आला. “मॅडम, ते दुधाचं शास्त्रीय पेपरात बरं दिसत नाही हो.”

“चूक आहे का त्यात?”

“चूक नाही, पण...”

“मग राहू द्या.”

फाइलच्या कडेला मी मराठीत टाइप केलं, ‘आई कशानं गेल्या?’ आणि पुसून टाकलं. लेखकांशी वैयक्तिक बोलायची आम्हाला परवानगी नाही.

काही महिन्यांनी तो पेपर छापलेला सापडला. दूध होतं. खाली तिचं नाव होतं आणि कॉलेजही. कॉलेज गंगापूर रोडला, माझ्या घरापासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवर.

एका गुरुवारी मी गेले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, “कुणाला भेटायचंय, ताई?”

नाव ओठांवर आलं होतं. पण भेटल्यावर तिला काय सांगणार होते? की तुझ्या आईला आधी मीच खोडलं होतं?

“कुणाला नाही,” मी म्हणाले. समोरच्या टपरीवर चहा घेतला. कॉलेज सुटलं, पोरी घोळक्याने बाहेर पडू लागल्या. त्यांतली ती कोण, हे ओळखायचं काही साधन माझ्याकडे नव्हतं. तरी शेवटची मुलगी जाईपर्यंत मी तिथेच थांबले.