सगळ्यांचा एकच ढीग

वरूडच्या संत्र्याच्या पॅकिंगमध्ये सुपरवायझर म्हणून माझा पहिला दिवस. दुपारी ट्रक सुटला नाही, तर माझी नोकरी सुटणार होती. म्हणून मी हुशारी केली: प्रत्येक बाईला निवडायला वेगळा ढीग दिला. तासाभरात जी ती आपली डागी संत्री शेजारणीच्या ढिगात लोटू लागली. भांडणं पेटली, काम थांबलं.

दोरीनं चष्मा बांधलेली एक म्हातारी उठली. तिनं सगळे ढीग ओढून एक केले.

“आता कोनाकडे लोटता वं?” ती बायांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “अन् साहेब, तुमी काहून उभे? बसा, हात लावा.”

बसलो. ट्रक वेळेत सुटला. माझं कॅरेट म्हातारीच्याही आधी भरत होतं, याचा मला फार अभिमान वाटत होता. ती तिची निवडलेली संत्री गुपचूप त्यातच टाकताना दिसली, तोवर.